डोमाजीनं न पाहिलेला तिसरा भाग

रविवार, सकाळचे साडेअकरा. साल एकोणीसशे एकोणनव्वद, कापूस वेचणीचे दिवस. ठिकाण, आदिलाबाद जिल्ह्यात बेला गावाच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातली ग्रामपंचायतीची खोली. त्या वेळी त्या खोलीच्या छपरावरून एक माणूस खाली आला, तो मेलेलाच.

तो कसा मेला हे मी सांगतो, कारण मी तिथं होतो आणि माझं तोंड दाराकडं होतं. मी पंचायतीचा टीव्ही. काळापांढरा, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं आणि त्यांना कुलूप. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी दिलेल्या बातम्या वाचल्या. दिल्लीच्या, हैदराबादच्या, जिथं या गावातलं कुणी कधी जाणार नाही अशा देशांच्या. माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली बातमी एकच आहे. ती आजवर कुणी मागितली नाही. आता मी कुणी मागायची वाट पाहणार नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलांवर बसलेल्या पोरी गप्पा मारत माझ्या तारा जोडत होत्या. सरकारनं गावोगाव वाटण्यासाठी आम्हाला घेतलं. मी बेल्यापर्यंत जीपमध्ये आलो आणि पुढं बैलगाडीत, कडब्याच्या पेंढीवर. गावात नारळ फुटला. कुणी तरी माझ्या काचेला हळदकुंकू लावलं. आवाजाच्या जाळीत ती हळद अजून आहे.

सोबत आलेल्या साहेबानं भाषण केलं, की हा शेतीच्या कार्यक्रमासाठी आहे. शेतीचा कार्यक्रम सोडून गावानं सगळं पाहिलं.

पाहण्याचीही एक रीत होती. समोर खुर्ची सरपंच उद्धवरावांची, कारण माझी किल्ली त्यांच्याकडं. मागं जाजमावर गडीमाणसं, डावीकडं बाया. गावाच्या खालच्या अंगाला जी बौद्धांची गल्ली होती, तिथली माणसं दाराबाहेर पायरीवर बसत. आत यायला मनाई कुणी केली नव्हती. करावी लागत नव्हती.

डोमाजी त्याच गल्लीतला. उद्धवरावांच्या शेतावर कामाला होता. पायरीवरून त्याला माझ्याऐवजी माणसांची डोकी दिसायची. म्हणून एके रविवारी तो शिडी लावून छपरावर गेला, आणि ती जागा त्याचीच झाली.

छपरावर माणूस लागायचाच. आदिलाबादचा टॉवर लांब. उंच बांबूवर अँटेना बांधलेली, आणि वारा आला की माझ्या काचेवर मुंग्या. मग कुणी तरी बांबू धरून फिरवायचा. खालून सांगायला दारात उभा असायचा चंपतराव. तो डोमाजीचा लहानपणापासूनचा जोडीदार, वरच्या आळीतला असूनही. त्याचं तोंड कधी बंद नसायचं.

"आलं का बे?" डोमाजी वरून विचारायचा.

"मुंग्या हायेत. जरा बेल्याकडं घे. आनखी. हां, थांब. थांब म्हनलं ना."

"आता काय दिसून राह्यलं?"

"यान उतरून राह्यलं."

"कुठी?"

"आपल्या वावरात नाई उतरत. तू बांबू धर."

ती यानवाली मालिका हिंदीत होती. तिचं नाव गावात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, सगळे तिला 'यान' म्हणत. पृथ्वीपासून लांब भरकटलेलं एक यान, त्यात एक कप्तान आणि चार माणसं, आणि घरी परतायची खटपट. चंपतराव दारातून सगळं वर कळवायचा आणि पदरचं घालायचा. कप्तानाला पिळदार मिशा आहेत असं त्यानं पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. कप्तान सफाचट होता. पण डोमाजी संध्याकाळी आपल्या गल्लीत जाऊन मिशांसकट गोष्ट सांगायचा, आणि ती माझ्यापेक्षा चांगली रंगायची असं मी पायरीवरच्या लोकांकडून ऐकलं आहे.

दुसऱ्या भागाच्या वेळी वाऱ्यानं बांबू मोडला आणि शेवट गेला. खोलीत गदारोळ. उद्धवराव उठून उभे राहिले.

"बांबूचं काई खरं नाई. मागं बोरिंगचे पाइप पडले हायेत. दोन जोडा आन् उभे करा. उंच पाह्यजे."

आता इथं नीट लक्ष द्या. पंचायतीच्या छपरावरून विजेची मोठी लाइन गेली होती. खोली आधीची, लाइन नंतरची. तारा इतक्या खाली लोंबत होत्या, की त्या उचला म्हणून खुद्द पंचायतीनं वीजखात्याला दरखास्त दिली होती. एक लाइनमन येऊन मान वर करून पाहून गेला. "हो जाएगा," म्हणाला. तो पुन्हा आला नाही. म्हणजे तारा खाली आहेत हे खात्याला माहीत होतं. उद्धवरावांनाही माहीत होतं, त्या दरखास्तीवर सही त्यांचीच होती.

डोमाजीनं पाइप उभा करताना सांगितलंही.

"मालक, तार जवळ पडते."

"पडते तं पडू दे. तू काय तारेले हात लावून राह्यला?"

लोक हसले. डोमाजीही हसला. मालकाच्या बोलण्यावर हसायचं असतं.

मग तो तिसरा भाग. यानाची अँटेना बिघडते आणि घरच्यांशी बोलणं तुटतं. कप्तान कमरेला दोर बांधून यानाच्या बाहेर निघतो, खाली वर सगळीकडं काळोख, आणि तो एका हातानं पकडून दुसऱ्या हातानं अँटेना फिरवतो. खोलीत एकच हशा उसळला. चंपतराव दारातून ओरडला.

"डोमा, कप्तान तुहाच धंदा करून राह्यला बे! अँटेना फिरवते!"

"त्याले म्हना, जरा बेल्याकडं घे," वरून उत्तर आलं.

बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. ते डोमाजीचं शेवटचं बोलणं.

कप्तानाचा हात सुटला. तो दोरावर लोंबकळायला लागला, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या काचेवर मुंग्या आल्या. सगळे ओरडायला लागले. उद्धवराव खुर्चीतून म्हणाले, "पाइप वर घे म्हनाव. आनखी हातभर." चंपतरावानं ते वर पोचवलं. पाइप घासल्याचा आवाज आला.

मग माझी काच पांढरी झाली. अँटेनाच्या वायरीतून जे माझ्यात शिरलं, ते मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. माझ्या पाठीतून धूर निघाला. आणि दारासमोर, जिथं ऊन पडलं होतं तिथं, डोमाजी पडला. त्याचे दोन्ही तळहात काळे होते.

पुढं जे झालं ते माझ्यासमोर झालं. मी जळालो होतो, पण माझी दारं लावायचं कुणाला सुचलं नाही.

चंपतराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मग उद्धवराव म्हणाले, "पोलीस येतीन. लाइनवाले म्हनतीन, लोखंडाचा पाइप काऊन लावला. सारी पंचायत आत जाईन."

"मंग काय करावं मालक?" एकानं विचारलं.

पंचायतीच्या अंगणात झेंड्याचा खांब होता. बांबूचा. उद्धवराव त्याच्याकडं पाहत उभे राहिले. कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. गावानं पाइप छपरावरून उतरवला, झेंड्याचा बांबू उपटून वर नेला, माझी अँटेना त्याला बांधली, आणि पाइप झेंड्याच्या खड्ड्यात उभा केला. माती दाबली. डोमाजीच्या तळहातांना धोतराचं फडकं फाडून गुंडाळलं. हे सगळं करणारे लोक वाईट नव्हते. त्यातल्या दोघांना रडू आवरत नव्हतं. रडत रडत त्यांनी माती दाबली.

डोमाजीची बायको राहीबाई लांबच्या वावरात वेचणीला गेली होती. ती आली तेव्हा कमरेची ओटी कापसानं भरलेली होती, सोडायचं राहून गेलं होतं. ती खाली बसली आणि तिनं पहिल्यांदा हातच पाहिले.

"हात काऊन बांधले?"

"पडताना सोलले, बाई," कुणी तरी म्हणालं.

तिनं फडकं सोडायला हात घातला. बायांनी तिला धरलं. शोकात धरतात तसं. मला ते तेव्हाही वेगळं दिसलं.

दुपारी पोलीस आले. पंचनामा तेलुगूत लिहिला गेला. त्याखाली मराठीत सह्या झाल्या, वर काय लिहिलंय हे न वाचता येणाऱ्यांच्या. बांबूची अँटेना फिरवत असताना चक्कर येऊन पडला, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वीजखात्याचा साहेब आला. त्यानं छपरावर बांबू पाहिला आणि मोठा श्वास सोडला. बांबूतून करंट येत नाही. माझ्या पाठीची फळी कोळशासारखी का झाली, हे त्यानं विचारलं नाही. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून चहा प्याला.

पाइप कबूल केला असता तर सरपंच अडकत होते. तार कबूल केली असती तर खातं अडकत होतं. बांबूत दोघेही सुटले. अडकला तो एकटा मेलेला माणूस.

कारण थंडीच्या दिवसांत, सकाळच्या वेळी, धडधाकट माणसाला चक्कर कशी येते, हा प्रश्न उरतोच. महिन्याभरात त्याचं उत्तर गावात फिरायला लागलं. डोमाजी पिऊन चढला होता. हे पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत नाही. सगळ्यांनी ते दुसऱ्याकडून ऐकलं होतं. राहीबाई दारोदार जाऊन सांगायची, "माह्या घरधन्यानं त्या दिवशी थेंब घेतला नव्हता. छपरावर चढायच्या दिवशी तो घेत नव्हता." लोक मान हलवायचे. सरकारी मदतीचा अर्ज परत आला, त्यावर कारण तेच. पण तिला जास्त लागलं ते मदतीचं नाही. शाळेत तिच्या पोरीला बेवड्याची पोरगी म्हणायला लागले, ते.

मला आदिलाबादला दुरुस्तीला नेलं. मेकॅनिकनं पाठ उघडली आणि म्हणाला, "ये बिजली प्लग से नहीं आई. छत से आई है." मला घेऊन आलेले दोघं त्याच्या दुकानातली कॅलेंडरं पाहत राहिले.

मी परत आलो तोपर्यंत 'यान' संपून गेलं होतं. दोरावर लोंबकळणाऱ्या कप्तानाचं काय झालं हे गावाला कळलंच नाही. आणि कुणी विचारलंही नाही. ते विचारायचं म्हणजे त्या दिवसापर्यंत मागं जावं लागलं असतं.

वर्षं गेली. आदिलाबादच्या टॉवरची ताकद वाढली, छपरावर माणूस लागेनासा झाला. उद्धवरावांच्या घरी रंगीत टीव्ही आला. मग शहाण्णव साली दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवायला काढल्या, आणि एका रविवारी मीच बातमी दिली, की पुढच्या रविवारी 'यान'चा तिसरा भाग.

कुणी ठरवलं नव्हतं, पण त्या रविवारी खोली भरली. ज्यांच्या घरी टीव्ही होते तेही आले. उद्धवराव आले, त्यांची खुर्ची मांडली गेली. आणि राहीबाई आली. इतक्या वर्षांत ती या अंगणात पहिल्यांदाच आली होती. ती पायरीवर बसली नाही. सरळ आत येऊन भिंतीला टेकून बसली.

भाग सुरू झाला. मी काचेवरून कप्तान दाखवला.

"मिशा कुठी हायेत?" राहीबाईनं विचारलं.



"कोनाच्या मिशा, वहिनी?" चंपतराव म्हणाला.

"कप्तानाच्या. आमच्या घरी तं मिशावाला होता."

चंपतराव हसला. "मीच लावल्या होत्या," तो म्हणाला. "तो वर होता. त्याले काय दिसते?"

मग माणसं सैल झाली. आठवायला लागली. इथं वारा आला होता. इथं लाइट मिचमिचली होती. आठवणीत एक गंमत असते, ती सुरू झाली की ठरवलेल्या जागी थांबत नाही. कप्तान दोर बांधून बाहेर निघाला तेव्हा चंपतराव जागेवरून उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. सवयीनं. छपराकडं मान करून.

"इथं मी म्हनलं, कप्तान तुहाच धंदा करून राह्यला. तो म्हने, त्याले म्हना बेल्याकडं घे." लोक हसले, डोळे पुसत हसले. कप्तानाचा हात सुटला. "हां, इथंच. इथंच मुंग्या आल्या. आन् मालक म्हनले, पाइप वर घे म्हनाव, आनखी हातभर..."

तो थांबला.

माझ्या काचेवर यानातली माणसं दोर ओढत होती. खोलीत कुणी माझ्याकडं पाहत नव्हतं.

"कोनता पाइप, चंपतभाऊ?" राहीबाई म्हणाली.

"बांबू," उद्धवराव म्हणाले. "बांबू म्हनायचं होतं त्याले."

"मी त्याले इचारून राह्यली, मालक. तुमाले नाई."

चंपतराव दाराची चौकट धरून उभा होता. त्यानं मान वर केली नाही. "पाइप होता, वहिनी," तो म्हणाला. "लोखंडाचा."

राहीबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं.

"म्हनून हात बांधले होते," ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. कप्तानाला आत ओढून घेतलं होतं. दार बंद झालं होतं, आणि यानातले सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते.

"त्याले आत घेतलं?"

"घेतलं," कुणी तरी बाई म्हणाली.

राहीबाई उठली आणि निघून गेली. मग एकेक जण उठला, भागाचा शेवट कुणी पाहिला नाही. मी रिकाम्या खोलीला दाखवत राहिलो.

दुसऱ्याच आठवड्यात चंपतराव तिच्यासोबत आदिलाबादला गेला. त्यानं लेखी जबाब दिला. जाण्याआधी उद्धवरावांनी त्याला इथं, माझ्यासमोर बोलावलं होतं.

"सात वर्साचं काय उकरून राह्यला? गावाचं नाव जाईन."

"गावाचं नाव राखाले डोमाच्या नावावर डाग ठेवला होता, मालक. तो काढून घेतो," चंपतराव म्हणाला.

पोलिसांनी सांगितलं, केस बंद झाली आहे, आणि पंचांचे जबाब वेगळे आहेत. बाकीच्या पंचांना विचारलं तर ते म्हणाले, बांबूच होता. वीजखात्यानं सांगितलं, त्या जागी आता जुने खांबही नाहीत, जुन्या ताराही नाहीत, तपासणार काय? हे खरं आहे. डोमाजी गेल्यावर वर्षभराच्या आत खात्यानं नवे उंच खांब उभे करून तारा उचलल्या. जिनं कुणाला मारलं नव्हतं, ती तार उचलायची इतकी घाई कशासाठी होती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. चंपतराव आणि राहीबाई अजूनही तारखेला जातात. कधी साहेब नसतो, कधी मिसल, म्हणजे केसची फाइल, सापडत नाही. राहीबाईची पोरगी आता शिक्षिका आहे. नवी दरखास्त तिनं तेलुगूत लिहिली, म्हणजे वाचता आली नाही असं तरी कुणी म्हणणार नाही.

आणि मी? मी आता पंचायतीच्या कोपऱ्यात आहे. माझ्यावर फवारणीचा पंप ठेवला आहे आणि सतरंज्या. मला सुरू करा असं मी म्हणत नाही. माझे दिवस गेले, ते जायचेच होते. माझी मागणी एवढीच, की मला भंगारात देण्याआधी कुणी तरी माझी पाठ उघडावी. मेकॅनिकनं आतलं बदललं, पण फळी तीच आहे. अँटेनाची वायर जिथून आत येते तिथं ती जळलेली आहे, आणि प्लगची वायर जिथून येते तिथं कोरी आहे. हे पाहायला मोठा साहेब लागत नाही. डोळे लागतात.

ते जमत नसेल तर माझ्या खोलीच्या दारात उभं राहून समोर पाहा. अंगणात झेंड्याचा खांब आहे, दर पंधरा ऑगस्टच्या आधी त्याला पांढरा रंग देतात. वरच्या टोकाशी एक जागा आहे, तिथं रंग धरत नाही. पावसाळा संपायच्या आत पापुद्रा सुटतो आणि खालचं काळं दिसतं. पंचायतीच्या दप्तरात हा खांब आजही बांबूचा आहे. उभा आहे तो लोखंडाचा. तो तिथं केव्हा आला आणि कुणी आणला, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.